नाड्या बांधून होईपर्यंत

मी बोलतोय, डावा बूट. उजवाही शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून मुखदुर्बळ. दोघांच्या वाटचं मलाच बोलावं लागतं.

रंग काळा, तळ जाड, उंची गुडघ्याच्या चार बोटं खाली आणि समोर नाडीसाठी चौदा-चौदा भोकांच्या दोन रांगा. मला शिवणारा कारागीर भोकं पाडता पाडता पुटपुटला होता, की हे बूट घालायला माणूस निवांत हवा.

माझा पहिला मालक ड्रम वाजवायचा. ड्रमवाल्याचा डावा पाय झांजांच्या पेडलवर असतो, त्यामुळे तालाचं काम माझ्याकडे होतं. उजव्याने याबद्दल अजून मला माफ केलेलं नाही. त्यांची गाणी संथ आणि गडद होती, खोल पाण्याखालून येत असल्यासारखी. ती वाजताना आपण जमिनीवर नाहीच, असं मला वाटायचं. पुढे त्याला तपकिरी बूट घालून जायची नोकरी लागली. त्याने आम्हाला जुन्या कपड्यांच्या दुकानात दिलं आणि जाताना माझ्या टाचेवरून एकदा हात फिरवला.

तिथून आम्हाला शाईने उचललं. शाई हे तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव, कारण ती नखशिखांत काळ्या कपड्यांत असते. ओठ काळे, काजळ जाडजूड, कानांत चांदीची वटवाघळं. स्वतःला गॉथ, म्हणजे काळ्या कपड्यांत आणि गडद गाण्यांत रमणाऱ्यांपैकी एक, म्हणवते आणि काम करते फुलांच्या दुकानात. सुकलेले गुलाब मालकीणबाई तिलाच देतात. ती ते खोलीत उलटे टांगते. घरातल्या आत्याने तर तिला एकदा विचारलंच होतं, कोण गेलं गं?

बाबा चष्मे दुरुस्त करतात. शाई दाराशी बसून आम्हाला चढवायला लागली की तेही कुणाचा तरी चष्मा घेऊन समोरच्या स्टुलावर येऊन बसत. दोन्ही बूट बांधायला दहा मिनिटं लागत. तिची नजर नाडीवर, त्यांची बारक्या स्क्रूवर. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं नसलं की माणसं किती मोकळी होतात, हे मी त्या दारात पाहिलं.

एकदा बाबांनी धीर करून विचारलं, की ही रडकी गाणी ऐकून तुला वाईट वाटत नाही का?

"अहो बाबा, ती लावते तेव्हा मी मजेत असते. माझ्या मनातलं दुसरंच कुणीतरी गातंय म्हटलं की हलकं वाटतं."

बाबांना सगळं कळलं असेल असं नाही. पण त्यांनी मान डोलावली.

रविवारी संध्याकाळी ती आम्हाला एका तळघरातल्या हॉलमध्ये न्यायची. जांभळा उजेड, धूर आणि काळ्या कपड्यांतली पंचवीस-तीस माणसं, प्रत्येक जण आपल्याच तंद्रीत. शाई डोळे मिटून नाचायची. मला इतकं सावकाश उचलायची की खाली कधी टेकलो ते कळायचंही नाही. ते माझे सुखाचे दिवस.

मग बाबांना माया आली. पोरगी रोज बससाठी धावते, वाकून वाकून पाठ दुखते, म्हणून तिच्या वाढदिवसाला त्यांनी आम्हाला गुपचूप दुरुस्तीवाल्याकडे नेलं आणि आतल्या बाजूने चेन बसवून आणली. मला कापताना दुखलं, पण बाबांचा चेहरा इतका खुलला होता की मी चकार शब्द काढला नाही. शाईनेही हसून त्यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवसापासून चर्र, चर्र, की शाई दाराबाहेर. बाबा चष्मा घेऊन येईपर्यंत जिन्यावर आमचा आवाज. दोन-चार दिवस ते स्टुलावर एकटेच बसले, मग यायचे थांबले. आणि घरात काहीतरी बदलत होतं ते मला एकट्याला दिसत होतं. शाईच्या खोलीतून गाणी येईनाशी झाली. रविवारीही आम्ही कपाटाखालीच. आत्या खूश होती, म्हणाली, पोरगी सुधारली. मला ओरडावंसं वाटलं, पण बुटाचं कोण ऐकतो?

एका सकाळी शाईने चेन ओढली आणि ती उठलीच नाही. बस गेली तरी तशीच बसून राहिली. बाबा आतून आले. खाली बसले आणि माझी नाडी वरपासून खालपर्यंत सगळी काढली. मग आपल्या जाड बोटांनी एकेका भोकातून ती पुन्हा ओवायला लागले. सहाव्या भोकाशी शाई बोलली.

"बाबा, तीन आठवडे झाले, मी एकही गाणं लावलेलं नाही. लावावंसंच वाटत नाही. कशातच मन लागत नाही."

बाबांचा हात थांबला. त्यांनी नीट ओवलेली नाडी हळूच परत उपसली.

"हे चुकलं माझ्याकडून. पुन्हा पहिल्यापासून घेऊ. तू बोल."

त्या दिवशी मला चार वेळा बांधलं आणि चार वेळा सोडलं. दुपारी ती दोघं डॉक्टरांकडे गेली. नंतरही कितीतरी दिवस जात राहिली.

आता माझा तळ झिजलाय, टाच एका बाजूला कललीय. चेन शाबूत आहे, पण तिला कुणी हात लावत नाही. तुमच्या घरी कुणाला दारातून निघायला वेळ लागत असेल, तर कृपा करून घाई करू नका. जवळ बसा.

बरं, निघा आता. शाई येतेय आणि बाबा स्टूल ओढतायत. यापुढचं त्यांचं बोलणं मी ऐकेन, पण सांगणार कुणालाच नाही.