लाल मातीखालची गारगोटी

मी एक गारगोटी. पेरूएवढी, बाहेरून मळकट. पण एका बाजूने मी फुटले आहे. तिथून आत पाहा, पांढरे स्फटिक दाटीवाटीने उभे दिसतील.

माझा जन्म लाव्ह्याच्या बुडबुड्यात झाला. लाव्हा थिजला, पोकळी तेवढी राहिली आणि झिरपणाऱ्या पाण्याने थेंबाथेंबाने मला घडवलं. अशा पोकळ्यांनी भरलेल्या दगडाला माणसं मांजऱ्या म्हणतात. माझ्या डोक्यावर दीड हात लाल माती होती आणि तिच्यावर काळा पाषाण.

१९७८ च्या उन्हाळ्यात वरून सब्बलींचे, म्हणजे पहारींचे, ठोके ऐकू येऊ लागले. वडनेरच्या अनुसयाबाई शेतात विहीर खणवत होत्या. त्यांनी संत्र्याची दीडशे कलमं लावली होती आणि डोक्यावरून घागरी आणून जगवली होती. हिंगणघाटच्या गिरणीत काम करणारे त्यांचे यजमान म्हणत, "उपटून टाक." अनुसयाबाई घागर उचलत. हे सगळं मला नंतर कळलं.

सव्वीस हातांवर लाल माती लागली. खणणाऱ्यांचे मुकादम रूपराव यांनी तिच्यावर नारळ ठेवला, हात जोडले आणि ते माणसांना घेऊन वर चढले.

"काऊन जी, रूपरावभाऊ?" काठावरून अनुसयाबाईंनी विचारलं.

"लाल लागली, बाई. काळा पत्थर म्हणजे भुईचं हाड अन् लाल म्हणजे मांस. मांसाले आमी सब्बल लावत नाई. बापाचा शब्द हाय."

"अन् हाडं फोडली तवा नाई दुखलं तिले?"

माणसं हसली. रूपराव हसले नाहीत. "पानी असतं तं हाडातच लागलं असतं. बुजवून टाका."

अनुसयाबाईंनी कासोटा घट्ट केला, दोर धरला आणि त्या खाली उतरू लागल्या.

"बाई, वर या. ते माती भसकन ढासळते. माह्या भावाचा पाय गेला तिच्यात."

अनुसयाबाई दोरावरच थांबल्या. "मंग असं सांगाचं ना. मांस म्हणून काऊन भेवाडता? माह्या बैलबंडीच्या फळ्या काढा अन् टेकू द्या."

रूपराव मग स्वतःच बंडीकडे गेले.

दोन दिवस फळ्या लावत लावत खणणं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाबाईंची सब्बल माझ्यावर बसली. मी फुटले आणि दाढ उपटावी तशी बाहेर आले. माझ्या जागेतून करंगळीएवढी धार लागली. संध्याकाळी त्या घोटाभर पाण्यात उभ्या होत्या.

"आता तरी वर निंघा, बाई," रूपराव म्हणाले. "नाईतं तुमालेच काढा लागन."

वर आल्यावर अनुसयाबाईंनी मला रूपरावांच्या हातावर ठेवलं. "पुढच्या विहिरीत लाल लागली का माणसांले हे दाखवजा. अन् फळ्या आधी नेजा."

आज सात वर्षं मी रूपरावांच्या पिशवीत आहे. सब्बलींना घासून माझे कोपरे झडले. सगळीकडे मी खरी ठरले असं नाही. सिंदीच्या एका विहिरीत लाल मातीखाली कोरडाच दगड निघाला. त्या दिवशी पिशवीतून बाहेर यावंसं वाटेना.

आता मी केळझरच्या शिवारात आहे. वीस हातांवर लाल लागली आहे. माणसं वर येऊन बसली आहेत आणि रूपरावांनी मला काठावर मांडलं आहे. पाणी लागेलच असं वचन मी देत नाही. एवढंच सांगते, मी या मातीच्या खालून आले आहे. फळ्या आधीच आणून ठेवल्या आहेत. उतरा.