जबाबदार लोकांचे बूट

लिपिनोवोच्या महालाच्या दारात गेनोवेफाबाई एकोणतीस वर्षं बसत होत्या, आणि एवढ्या वर्षांत माणसं पायांवरून ओळखायची त्यांना सवयच लागली होती. काम एकच. टोपलीतल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता आलेल्या माणसाच्या हातात द्यायच्या आणि त्या बुटांवरून चढवल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. आतल्या गोल दिवाणखान्याची जमीन सात जातींच्या लाकडांचे तुकडे जडवून केलेली होती. घुमटाखाली एक भलंमोठं फूल उमललेलं. त्या फुलावर लढाईत सैनिकांच्या खाटा पडल्या, पुढे सरकारने बटाट्यांच्या गोण्या रचल्या, तरी ते टिकलं होतं. आता त्याला धोका होता तो महाल पाहायला येणाऱ्या हौशी माणसांचा.

हौशी माणसांबद्दल बाईंचं मत फारसं चांगलं नव्हतं. सपाता घालून बर्फावर घसरल्यासारखे घसरणारे, संगमरवरी सिंहाच्या पाठीवर सासूला बसवून फोटो काढणारे, तळ्यातल्या हंसांना सॉसेज भरवणारे, सगळे त्यांनी पाहिले होते. पण त्यांचा त्यांना खरा राग नव्हता. ते अडाणी होते आणि तसं लपवत नव्हते.

एप्रिलातल्या एका सकाळी पोझ्नान शहरातून बारा जणांचं एक मंडळ आलं. सगळ्यांच्या खांद्याला जाड्याभरड्या कापडाच्या सारख्या पिशव्या, हातात पत्र्याच्या बाटल्या. पुढे डॉक्टर कायेतान. ते औषधं देणारे डॉक्टर नव्हते, कसला तरी प्रबंध लिहिलेले होते. जुन्या वास्तू जबाबदारीने कशा पाहाव्यात यावर ते वर्तमानपत्रात दर आठवड्याला लिहीत, आणि त्यांचं मंडळ पसंतीस उतरलेल्या जागांना पितळेचं हिरवं पान देत असे.

डॉक्टरांनी सपात दोन बोटांत धरून उचलली. मेलेला उंदीर धरावा तशी.

"या किती जणांनी घातल्यात?"

"मोजलं नाही. बुटांवरूनच घालायच्यात डॉक्टर, तुमच्या मोज्यांना काही होणार नाही."

"प्रश्न मोज्यांचा नाही, बाई. या धुता कशात? पावडरीत? ते पाणी जातं कुठे? तळ्यात?"

"धूत नाही. झटकतो."

मागे कुणीतरी हळहळलं. डॉक्टरांनी सपात टोपलीत सोडली आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "आमच्या बुटांचे तळ झाडाच्या चिकाचे आहेत. अगदी मऊ. तुमच्या जमिनीला आमच्याकडून फक्त आदर मिळेल."

"आदर बाहेर ठेवा आणि सपाता चढवा."

डॉक्टरांनी फोन काढला. पाच मिनिटांत संचालक लुदोमिर धापा टाकत शेजारच्या इमारतीतून आला. पस्तिशीचा पोरगा, दोन वर्षांपूर्वी नेमलेला, महालापेक्षा महालाच्या फोटोंवर जास्त जीव असलेला.

"गेनोवेफाबाई, आजच्या दिवस जाऊ द्या ना."

"का म्हणून?"

"अहो, हिरवं पान मिळणार आहे आपल्याला!"

"पार्कात कमी पानं आहेत का?"

"चेष्टा नको. हे मोठे लोक आहेत."

"मी बिशपांनासुद्धा सपाता घालायला लावल्यात."

"म्हणूनच ते पुन्हा फिरकले नाहीत!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या बारा कापडी पिशव्यांकडे पाहिलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी पायाने टोपली बाजूला सारली.

मंडळ आत गेलं. शेवटी राहिली एक सत्तरीची किरकोळ बाई, ओतिलिया नावाची, जन्मभर दातांची डॉक्टर होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, टोपलीतल्या सपाता काढल्या, बुटांवर चढवल्या आणि कुणाला दिसू नये अशा बेताने पाय ओढत निघाली. 'भित्री मेली,' बाईंच्या मनात आलं. 'घालायच्या तर सगळ्यांसमोर घालायच्या!' मग त्याही मागोमाग आत गेल्या.

घुमटाखाली, फुलाच्या ऐन मध्यावर उभं राहून डॉक्टर बोलत होते. पाहुण्याने वास्तूत सावलीसारखं यावं आणि सावलीसारखं जावं, असं काहीसं. "आणि आता वर पाहा!" म्हणत त्यांनी हात उंचावला आणि टाचेवर गर्रकन वळले.

कर्रर्र.

बाईंना तो आवाज दाढेत ऐकू आला. त्या पुढे धावल्या. नासपतीच्या लाकडाच्या फिकट पाकळीवर हातभर लांब, कोयत्यासारखा वाकडा ओरखडा उठला होता.

"हे काय केलंत?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच जागेवर आला. "हा जुना असणार."

"मघाशी नव्हता."

"लाकूड जिवंत असतं, बाई. त्याला तडे जातात."

"तडा गोल फिरून जातो होय? बूट दाखवा."

"काय?"

"बूट!"

मंडळातले सगळे एकाएकी घुमटावरची नक्षी पाहण्यात गढून गेले. लुदोमिर दारातून म्हणाला, "डॉक्टर म्हणतात जुना, तर जुनाच असेल."

"मी आवाज ऐकला," मागून ओतिलिया म्हणाली. आवाज बारीक, पण खोली गोल असल्याने सगळीकडे पोचला.

"ओतिलिया, तुम्हाला कानात यंत्र लागतं," डॉक्टर गोडपणे म्हणाले.

"म्हणूनच नीट ऐकू आला."

गेनोवेफाबाई मग थांबल्या नाहीत. गुडघे कुरकुरत होते तरी त्या खाली बसल्या आणि नाल ठोकणारा घोड्याचा खूर उचलतो तसा त्यांनी डॉक्टरांचा पाय घोट्याशी धरून उचलला. डॉक्टरांना शेजारच्या माणसाच्या खांद्याला धरावं लागलं. झाडाच्या चिकाच्या त्या मऊ तळात गारगोटीचा एक तिकोनी खडा घट्ट रुतून बसला होता, टोक बाहेर काढून. कडक तळातून तो केव्हाच गळून पडला असता. बाईंनी नखाने तो उपसला आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"घ्या. तुमची सावली."

डॉक्टरांनी खड्याकडे पाहिलं. माफी मागतील असं निदान लुदोमिरला तरी वाटलं असावं. तो दोन पावलं पुढे आला. डॉक्टर म्हणाले, "ऐतिहासिक वास्तूच्या वाटांवर असली धारदार खडी टाकणं, हा खरा बेजबाबदारपणा आहे. मला हे नमूद करावं लागेल."

पुढच्या आठवड्यात त्यांनी नमूद केलं. लेखात घुमट होता, तळं होतं, खडीचा मुद्दा होता आणि 'दारावरच्या कर्मचाऱ्यांना सौजन्याचं प्रशिक्षण हवं' असं एक वाक्य होतं. ओरखडा नव्हता. हिरवं पान मात्र आलं. लुदोमिरने ते स्वतः स्टुलावर चढून दाराशी ठोकलं आणि खाली उतरून चार बाजूंनी त्याचे फोटो काढले.

लाकडाची डागडुजी करणारा म्हातारा कारागीर येऊन पाहून गेला. नासपतीचा पापुद्रा नखाएवढा पातळ, घासला तर भोक पडेल, म्हणाला. असू द्या तसाच.

"आपण त्यावर गालिचा टाकू," लुदोमिर म्हणाला.

"टाका. कुणी विचारलं खाली काय आहे, तर मी माणसाचं नाव सांगेन."

गालिचा काही आला नाही. उलट दोन दिवसांनी लुदोमिर स्वतः आत जायला आला तेव्हा न सांगता टोपलीपाशी वाकला. बाईंनी त्याला तेवढ्यासाठी माफ केलं नाही. पण त्यांचा सगळ्यात जास्त संताप होत होता तो स्वतःवर. भांडी घासताना, बस पकडताना त्यांना आपलाच पाय दिसायचा, टोपली बाजूला सारणारा. ढोंगी माणूस ढोंग करतो, त्यात नवल काय? आपण कशाला दार सोडलं?

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ओतिलिया एकटीच आली. कापडी पिशवी नव्हती.

"मी मंडळ सोडलं," ती म्हणाली. "मला काही करता येईल का इथे? त्या जमिनीसाठी?"

"काय करणार? दात बसवणार तिला?"

ओतिलिया दाराशीच उभी राहिली. गेली नाही. बाईंना तिचा हा चिवटपणा आवडला नाही आणि आवडलाही. त्यांनी खिडकीतून पार्काकडे बोट दाखवलं. तिथे बीच जातीच्या झाडांखाली रानलसणाची पांढरी फुलं दाट पसरली होती आणि एक कुटुंब दोरी ओलांडून त्यांत ऐसपैस बसलं होतं.

"तिकडे जा. दोरीपाशी उभ्या राहा आणि माणसांना बाहेर काढा. हळू आवाजात नको."

ओतिलिया गेली. दिवसभर खिडकीतून तिचा छोटा पांढरा केसांचा झुपका इकडून तिकडे पळताना दिसत होता. बंद करायच्या वेळेला ती परतली तेव्हा गाल लाल झाले होते आणि कानातलं यंत्र खिशात गेलं होतं.

"काय हो हे लोक! एक जण म्हणाला, म्हातारे, हे तुझ्या बापाचं आहे का? एकीने तर माझ्याच हातात केळीची साल दिली! मी तिला म्हणाले... मी तिला काय म्हणाले ते सांगतच नाही!"

"सांगा की."

ओतिलियाने सांगितलं. असा शब्द दातांच्या डॉक्टरला कुठून माहीत, कोण जाणे. गेनोवेफाबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. वरच्या मजल्यावरून पहारेकरी डोकावून गेला. मग त्यांनी डोळे पुसले, आपली एकुलती खुर्ची ओतिलियाकडे सरकवली आणि पाणी उकळायला ठेवलं.