वेधशाळेतलं वर्ष

गाडी सात जणांची होती आणि तिच्या सर्वात मागच्या सीटवर, दोन बॅगा आणि दंतवैद्य मित्राचा कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड यांच्या मध्ये, ज्याचा वाढदिवस होता तो बसला होता. तिथून बाहेर पडायचं तर आधी पुढच्या दोघांनी उतरायचं, मग त्यांची सीट दुमडायची, मग याने वाकून, एक पाय आधी बाहेर काढून, वेळ पडली तर मदतीसाठी हाक मारायची. उत्सवमूर्तीला हीच जागा का, असं त्याने विचारलं नाही. मागून सगळं नीट दिसतं, असं दुसऱ्या मित्राने, वकिलाने, त्याला आधीच सांगून टाकलं होतं.

मित्र त्याला 'हवामान' म्हणत. हे नाव एकतीस वर्षं जुनं होतं. शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्रात नापास झाल्यावर तो गावातून नाहीसा झाला आणि वर्षभराने परतला, तेव्हा कुठे होतास या प्रश्नावर त्याने सांगितलं होतं की एका डोंगरावरच्या गावात, हवामान वेधशाळेत, हंगामी नोकरीवर. खरं म्हणजे तो मामाच्या कापडदुकानात मागच्या खोलीत बसून, गिऱ्हाइकांनी उलगडून नापसंत केलेल्या कापडाच्या घड्या घालत होता. पण नापास मुलगा घड्या घालतो यापेक्षा बर्फात पाऊस मोजतो हे ऐकायला बरं वाटतं. गावाचं नाव त्याने दुकानातल्या कॅलेंडरवरून उचललं होतं. थाप पंधरा दिवस टिकली तरी पुरे, असा त्याचा हिशेब होता.

पंधरा दिवसांत तिला पाय फुटले. सासऱ्यांनी जावई पसंत केला तो "वर्षभर बर्फात एकटा राहिलेला मुलगा आहे, डगमगणारा नाही" या एका मुद्द्यावर. लेक हॉस्टेलमधून रडत फोन करायची तेव्हा बायको तिला सांगायची, "तुझे बाबा काय काय सोसून आलेत, विचार त्यांना." लेक विचारायची आणि तो सांगायचा. आता पंचावन्नाव्या वाढदिवसाला, बायको, वकील आणि दंतवैद्य यांनी गुपचूप कट करून त्याला त्याच गावात आणलं होतं. ज्या गावात तो आयुष्यात पहिल्यांदाच पाय ठेवत होता.

एवढा एक दिवस निभवायचा, असं तो सकाळपासून स्वतःला बजावत होता. बायकोला कळलं तर ती चिडणार नाही, हे त्याला माहीत होतं. ती फक्त तीस वर्षं मागे जाऊन एकेक गोष्ट पुन्हा तपासायला घेईल.

"अहो, तळ्याकाठच्या बाकावर बसून घरी पत्रं लिहायचात ना?" सूर्योदय बघून झाल्यावर तिने विचारलं. "तळं कुठंय?"

"आटलं."

"अख्खं?"

"तीस वर्षांत बरंच काही आटतं."

"तळं ना साहेब?" गाडी चालवणारा तत्परतेने म्हणाला. "ते बघा, तुमच्या मागंच आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तळं चांगलं भरलेलं होतं, त्यात सहा नावा होत्या.

"तेव्हा एवढं नव्हतं," हवामान म्हणाला.

धबधब्यापाशी त्याला धबधब्याची उंची विचारण्यात आली. घंटाघरापाशी घड्याळ तेव्हाही वीस मिनिटं मागेच असायचं का, असं विचारण्यात आलं. प्रत्येक ठिकाणी उतरताना पुढच्या सीटा दुमडल्या जात आणि चढताना उलगडल्या जात, आणि दर वेळी त्याला वाटे, आता आपल्याला आत विसरून जातील तर किती बरं होईल. शेवटी बायकोने खोलीचा विषय काढलाच.

"तुमची खोली बघायचीय मला. ती बघितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही."

त्याची तयारी होती. रस्त्याच्या वळणावर पाच मजली हॉटेल दिसताच त्याने काचेवर बोट टेकवलं. "इथं होती. पाडली."

बायकोचा चेहरा पडला. दंतवैद्याने तरीही हॉटेलचा फोटो काढला. आणि सुटलो, असं मनात म्हणून हवामानाने पाय थोडे पसरले, तेवढ्यात गाडीवाल्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही साहेब, काहीतरी गफलत होतेय. वेधशाळेची माणसं सगळी पोस्टमनकाकांकडे राहायची. घर अजून तसंच आहे. पाच मिनिटांत पोचवतो."

"मी दुसरीकडे राहायचो."

"दुसरीकडे कोण ठेवणार साहेब? पहाटे तीनला उठून दारं वाजवत यंत्रं बघायला जाणारा भाडेकरू कुणाला झेपतो?"

"अरे, एकतीस वर्षं झाली. विसरला असशील," वकील मायेने म्हणाला. "चल रे बाबा, घे गाडी."

मागच्या सीटला दार नसतं.

पुढे साठेक पायऱ्या चढून पत्र्याच्या छपराचं एक अरुंद घर आलं. गाडीवाल्याने कडी वाजवली. दार एका ठेंगण्या म्हातारीने उघडलं.

"काकू, तुमचे जुने भाडेकरू आलेत, वेधशाळेतले. एकतीस वर्षांपूर्वीचे."

"एकतीस?" म्हातारीने बोटांवर मोजलं. मग हवामानाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तेव्हा केस होते," ती म्हणाली, आणि जराही न हसता दारातून बाजूला झाली. आत वळून तिने हाक मारली, "अहो, ऐकलंत का? तो आलाय."

खोलीत शेगडी होती, खिडकीशी खुर्ची होती आणि खुर्चीत पोस्टमनकाका होते. गुडघ्यांवर घोंगडी, उजव्या पायात जोडा. डाव्या पायात नुसता लोकरीचा मोजा, आणि तो मोजा पुढे रिकामाच दुमडलेला.

"बस," म्हातारा म्हणाला. "मी उठत नाही. कारण तुला ठाऊक आहे."

हवामानाला ठाऊक नव्हतं. ते त्याच्या बायकोला म्हातारीने सांगितलं, उभ्याउभ्याच, चहाचं आधण ठेवता ठेवता. काका त्या काळी टपालाची पिशवी घेऊन खिंडीपलीकडच्या तीन वाड्यांवर जायचे, पायी. रोज सकाळी निघताना जिन्याखाली उभे राहून वरच्या भाडेकरूला विचारायचे, जाऊ का? आणि तो सांगायचा. त्या दिवशी त्याने सांगितलं, "जा काका, आभाळ स्वच्छ आहे." दुपारी वादळ आलं. काका दोन दिवस एका कपारीत बसून होते. पाची बोटं गेली. इस्पितळातून घरी आले तर वरची खोली रिकामी. निरोप नाही, काही नाही.

"पोस्टमनच्या घरात राहून गेला आणि एक पत्र नाही टाकलं," म्हातारी म्हणाली.

बायको हळूहळू नवऱ्याकडे वळली. दंतवैद्याने स्टँड उघडायला घेतला होता, तो पुन्हा मिटवला.

"जाऊ दे गं ते," म्हातारा म्हणाला. "मला एवढंच विचारायचंय. त्या सकाळी तू वर वेधशाळेत जाऊन यंत्र बघितलं होतंस, की अंथरुणातूनच सांगितलंस?" त्याचा आवाज शांत होता. "यंत्र चुकलं असेल तर माझं भांडण नाही. अंथरुणातून सांगितलं असशील तरी आता काय करणार? पण रोज मी एकदा म्हणतो, बघितलं असेल. एकदा म्हणतो, नसेल. थकलो. दोन्हीतलं एक काय ते सांगून टाक."

हवामानाने पाहिलं. दारात दंतवैद्य उभा होता, जिन्याशी वकील, मध्ये बायको. का कोण जाणे, समोरच्या म्हाताऱ्याला आणखी एक थाप मारणं त्याच्याने होईना. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने खरं सांगायचं ठरवलं.

"काका, तो मी नव्हे. मी वेधशाळेत कधी नव्हतोच. या गावातही आजच आलोय. ते वर्ष मी मामाच्या कापडदुकानात होतो. घड्या घालत होतो."

आधण तेवढं उकळत होतं.

"तेव्हाही पळाला," म्हातारी म्हणाली, "आणि आता समोर बसून पळतोय."

"अहो काकू, खरंच सांगतो. विचारा यांना!"

"काय विचारणार?" वकील कोर्टात बोलतो त्याहून सौम्यपणे म्हणाला, आणि ते जास्त वाईट होतं. "खिडकीतून सूचीपर्णी झाड दिसायचं, हे तूच सांगितलंस. ते बघ झाड. छपराचा पत्रा वाऱ्यात वाजायचा म्हणालास. हा पत्रा."

"डोंगरात सगळीकडे झाडं आणि पत्रेच असतात!"

"बरं. मामा कुठायत?"

"वारले."

"दुकान?"

"विकलं."

वकिलाने हात पसरले. साक्षीदार मयत आणि जागा विकलेली, अशी केस त्याने स्वतः कधी घेतली नसती.

मग बायको जवळ आली आणि नवऱ्याशेजारी खाली बसली. "मी चिडले नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही तेवीस वर्षांचे होतात, घाबरलात, निघून गेलात. समजू शकते मी. पण या माणसासमोर आता खोटं बोलू नका हो. तेवढं मात्र मला सोसवणार नाही."

जी थाप ती आजवर खरी मानत आली त्या थापेशी तो इमान राखणार का, एवढंच तिला बघायचं होतं. खरं बोलून तो तिला गमावणार होता, हे त्याला स्वच्छ दिसलं. दुसरं उत्तर शिल्लक होतं ते म्हणजे 'यंत्र बघितलं होतं'. ते सोपं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण मग म्हातारा विचारणार, काटा कुठं होता? आणि त्या यंत्राला काटा असतो की पारा, हेही हवामानाला माहीत नव्हतं.

"अंथरुणातून," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि बराच वेळ श्वास सोडला. छातीवरून कुणी पोतं उचलावं तसा.

"बास," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "थंडी फार होती रे त्या दिवशी. मीसुद्धा उठलो नसतो."

म्हातारीने चहा गाळला आणि पहिला कप हवामानाच्या हातात ठेवला, जरा आदळूनच. बायकोने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात तिने लग्नातसुद्धा ठेवला नव्हता. वकील खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. दंतवैद्याने घसा साफ करून जाहीर केलं की हवामानाएवढी छाती आपल्यात नाही, आणि संध्याकाळचे दोन्ही पॉइंट आपल्यातर्फे रद्द.

"वरची खोली रिकामीच आहे," म्हातारा म्हणाला. "आजचा दिवस राहा. माझं ऐकायला कुणी नसतं. हिला सगळं पाठ आहे."

"राहतोच आम्ही," बायको म्हणाली. "आणि दर वर्षी याच आठवड्यात येऊ. चार दिवस काढून. काय हो?"

"हो," हवामान म्हणाला. आता नाही कसं म्हणणार?

"मला तुझं सगळं ऐकायचंय," म्हातारा म्हणाला. "वर्षभर रोज पहाटे तू वर वेधशाळेत काय करायचास, कधी विचारलंच नाही मी. आज पहिल्यापासून सांग."

म्हातारीने आतून गादीची वळकटी आणून त्याच्या हातात दिली. "तुझी नाही. तुझी तेव्हाच फेकली. ने वर."

वळकटी छातीशी धरून तो जिना चढू लागला. जिना अंधारा आणि उभा होता, वळकटीपुढे काही दिसत नव्हतं. मागून बायको म्हणाली, "सावकाश हो. वाट तुमच्या पायाखालची असली तरी." शेवटून दुसऱ्या पायरीवर छताची तुळई खाली आली होती. त्याचं कपाळ तिच्यावर इतक्या जोरात आदळलं की खालपर्यंत ऐकू गेलं.

खाली म्हातारी हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"तेव्हाही रोज इथंच आपटायचा," ती बायकोला म्हणाली.