चंद्राच्या मापाचा परकर

मित्रांनो, मी एक जुना परकर आहे. रंग डाळिंबी, काठ पिवळे, नाडी मात्र बदलत बदलत आता तिसरी. परकराची कसली आली जीवनकहाणी, असे तुम्हाला वाटेल. वाटू दे. ज्या मुलीसाठी मला शिवले तिच्यापेक्षा मी जास्त जगलो, आणि हे सांगताना मला आजही बरे वाटत नाही.

पाटणच्या रंगुबाई शिवणकाम करत. त्यांनी १९७१ साली मला शिवले. चंद्रा तेव्हा आठ वर्षांची होती आणि मामाच्या लग्नात करवली व्हायची होती. "वाढतं अंग हाय," असे म्हणून रंगुबाईंनी माझ्या खालच्या काठाजवळ आतून तीन दुमडी घातल्या. मुलगी उंच झाली की एक दुमड उसवायची, म्हणजे परकर तिच्याबरोबर वाढतो. त्या काळी लहान मुलींचे परकर असेच शिवत.

लग्नात चंद्रा मामाच्या मागे पाण्याचा कलश घेऊन उभी राहिली. मंगलाष्टके काही केल्या संपेनात, तिचे हात भरून आले, पण पाण्याचा थेंब सांडला नाही. घरी येताना थोरल्या बहिणीला, विजयमालाला, ती म्हणाली, "आक्का, तुझ्या लग्नात बी मीच मागं हुबी ऱ्हाणार. मला सोडून कुणाला हुबं करायचं न्हाई." विजयमाला हसून "बरं बाई" म्हणाली.

पुढच्या आषाढात चंद्राला ताप भरला. सातव्या दिवशी ती गेली. मी तेव्हा वलणीवर ओलाच होतो. दोन दिवस मला काढायचे कुणाच्याच लक्षात आले नाही.

तिचे बाकीचे कपडे देऊन टाकले. मला मात्र तिच्या आईने, मुक्ताबाईंनी, ट्रंकेत लपवले. त्या दिवाळीला त्यांनी दार लावून घेतले, मला बाहेर काढले आणि पहिली दुमड उसवली. तांब्यात निखारे घालून इस्त्री केली आणि परत घडी घालून ठेवले. दुसऱ्या दिवाळीला दुसरी दुमड, तिसऱ्या दिवाळीला तिसरी. मित्रांनो, मी वाढत होतो आणि माझ्यात कोणीच नव्हते. ट्रंकेचे झाकण वाजले की वाटायचे, आली. आता नाडी बांधेल आणि अंगणात पळेल. आईला वेड लागले होते म्हणावे, तर मलाही लागले होते.

१९७५च्या वैशाखात विजयमालाचे लग्न शिराळ्याच्या मुलाशी ठरले. करवल्या म्हणून तीन चुलतबहिणी होत्या. तिघींना माझ्यासारखेच परकर हवेत, असा मुक्ताबाईंनी हट्ट धरला. मला पदराआड घेऊन त्या पाटणची आणि कराडची दुकाने हिंडल्या. पण माझ्यासारखे कापड कुठून मिळणार? चार वर्षांत माझा रंगही उतरला होता. शेवटी रंगुबाईंनीच तोड काढली. तिघींना हिरवे परकर आणि वर डाळिंबी पोलकी. माझ्यावर मात्र हिरवे पोलके. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चौघी एका मेळाच्या दिसतील.

"पर वैनी, पोरी तर तीनच हायत्या," रंगुबाई म्हणाल्या. "ह्या पोलक्याला माप कुणाचं घिऊ?"

"चंद्राचं घे," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी जमिनीपासून हात वर नेला आणि हवेत थांबवला. "आता एवढी आली आसंल. खांदं बारीकच हायती तिचं."

रंगुबाईंनी टेप काढली आणि मुक्ताबाईंच्या हाताखाली, जिथे कोणीच नव्हते तिथे, धरली. खांदा मापला, बाही मापली. मी बाजूला पडून पाहत होतो आणि मला त्या टेपच्या आत ती दिसत होती.

लग्नाच्या सकाळी तिघी करवल्या नटल्या. चौथा जोड पाटावर मांडला होता, शेजारी गजरा होता. "त्याला कुणी हात लावायचा न्हाई," मुक्ताबाईंनी बजावले. "तिनं शब्द दिलाय. ती हुबी ऱ्हाईल." बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मेलेल्या पोरीचा परकर मांडवात म्हणजे अपशकुन, अशी कुजबुज सुरू झाली.

मुंडावळ्या बांधलेली विजयमाला जागची उठेना. "आई, आज मी जाणार," ती म्हणाली. "मागं तू आन् ही ट्रंक. मला तिकडं घास गिळंल का? कुणाच्या तरी अंगावर घाल तो. न्हाईतर मी भायेर येणार न्हाई."

रंगुबाईंची अंजना बारा वर्षांची होती. विटका फ्रॉक घालून ती आईबरोबर पोलक्यांना हुक लावायला आली होती. विजयमालाने तिच्याकडे बोट दाखवले. रंगुबाईंचा चेहरा उतरला. कुजबुज त्यांच्याही कानावर आलीच होती. एकुलत्या एका लेकीला असा परकर नेसवायचा! त्यांनी हातातला सुईदोरा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जा अंजे. घाल."

मुक्ताबाईंनी स्वतःच्या हाताने मला तिला नेसवले. मी बरोबर घोट्यापर्यंत आलो. पोलकेही बसले, जरासुद्धा ढिले नाही. नाडीची गाठ मारता मारता मुक्ताबाई म्हणाल्या, "सरळ हुबी ऱ्हा, चंद्रा."

"मी अंजना हाय, काकी," ती हळूच म्हणाली.

मुक्ताबाईंचे हात थांबले. त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिले. "व्हय," त्या म्हणाल्या. "तू अंजना."

अंजना कलश घेऊन उभी राहिली. संध्याकाळी वऱ्हाडाचा ट्रक सुरू झाला आणि तीन वर्षांत एकदाही न रडलेल्या मुक्ताबाई मोठ्याने रडल्या. लेक सासरी चालली, आईला रडू येणारच, असे बाया म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या दोन लेकी घरातून गेल्या, हे ट्रकमधून मागे पाहणाऱ्या विजयमालाला कळत होते, आणि मला.

मित्रांनो, कपडे जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण माणसाच्या अंगावर जपा, ट्रंकेत नको. लग्नानंतर मुक्ताबाईंनी मला अंजनालाच देऊन टाकले. पुढच्या वर्षी चिंचा पाडताना अंजनाने मला गुडघ्यापर्यंत फाडले आणि ती घाबरत मुक्ताबाईंसमोर येऊन उभी राहिली. त्यांनी फाटलेली जागा हातात घेतली. बराच वेळ धरून ठेवली.

"पळताना फाटला न्हवं?" त्यांनी विचारले. "मग फाटू दे."