पैनगंगेचा पूर

अमरसिंगनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, मिशी पुसली आणि त्या सकाळी तिसऱ्यांदा पैनगंगेत उडी घेतली. गोष्टीत, अर्थात. चावडीच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. निजामाचं राज्य जाऊन महिना होत आला होता, दसरा तोंडावर होता, आणि वाशीमच्या लढ्याच्या कॅम्पातून परतलेला तांड्यावरचा हा पोरगा दिसला की लोकांना पूर ऐकायचाच असायचा.

"मागून गोळ्या, पुढं पूर," तो म्हणाला. "म्हणलं, मरायचंच तं पाण्यात मरू."

"वा रे वाघा!" कुणीतरी मांडीवर थाप मारली.

पूर दर खेपेला चढत होता. पहिल्यांदा छातीला लागला होता, मग डोक्यावरून गेला, आणि आता तर त्यात एक अख्खी बाभूळ वाहत आली. एकट्या सांगणाऱ्याला तरी काय बोल लावायचा? ऐकणाऱ्यांनाही बाभूळ हवीच होती.

तेवढ्यात हरिचंद खाजा मियाला दंडाला धरून ओट्यापाशी घेऊन आला. खाजा मिया गावचा पिंजारी. अर्ध्या गावाच्या गाद्या-रजया त्याच्या हातच्या. आत्ताही त्याच्या दाढीत कापूस अडकलेला होता. मागोमाग त्याची बायको मदीनाबी आली, पदर दातात धरून.

"हे काय रे, हरिचंद?" पाटलांनी विचारलं.

"खबऱ्या धरून आणलाय, पाटील."

श्रावणात अमरसिंग आणि तांड्यावरचा त्याचा जोडीदार सेवा कनेरगावचा निजामाचा करोडगिरी, म्हणजे जकातीचा नाका जाळायला गेले, तेव्हा शिपाई बंदुका भरून वाट पाहत बसले होते. सेवा तिथंच पडला. कुणीतरी चुगली केली होती हे उघड होतं, आणि कुणी केली हा प्रश्न तेव्हापासून गावाच्या घशात काट्यासारखा होता.

"मी त्या दुपारी नाक्यापाशी बैल चारून राहिलो होतो," हरिचंद म्हणाला. "सेवाचं मढं तिथं उन्हात पडलेलं, अन् हा शिपायांना तंबाखू देऊन राहिला, हसून राहिला! म्या या डोळ्यांनी पाहिलं. संगं एक बुरखेवाली होती."

"माझी घरवाली होती," खाजा मिया म्हणाला. "माहेरी नेऊन राहिलो होतो."

"मदीनाबी?" बायकांच्या घोळक्यातून रुख्मिणीबाई बोलून गेली. "अवं, त्या दिवशी तं ती माझ्या लेकीच्या बाळंतपणाला दिवसभर माझ्या घरी..." पुढचं तिनं गिळलं. पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो!

"मग ती कोण व्हती?" हरिचंदला आता जोर चढला. "बाई कसली, पहिलवान! चपलेच्या बाहेर ह्या एवढ्या टाचा. चालणं तं असं, जसा बैल चिखलातून. रझाकारांची बाई असंल. तिनंच खबर आणली, अन् ह्यानं पोहोचवली."

लोक हसले. खाजा मियाही कसंनुसं हसला. परक्या बाईला घेऊन फिरला, हेही त्यानं अंगावर घेतलं. सगळी चावडी त्याच्याकडं पाहत होती. तो तेवढा अमरसिंगकडं चुकूनही पाहत नव्हता.

अमरसिंगनं आपले पाय धोतराखाली ओढून घेतले.

"तू तिथंच होता, अमरसिंग," पाटील म्हणाले. "तुझा शब्द मिलिटरीवाले खाली पडू देत न्हाईत. तू म्हणशील तं आत्ता सोडतो ह्याला. बोल."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य अमरसिंगच्या जिभेवर आलंसुद्धा. पण समोर पन्नास माणसं होती, आणि पन्नासांच्याही डोळ्यांत अजून ती बाभूळ वाहत होती.

"मी तं नदीत होतो," तो म्हणाला. "मला काय दिसणार?"

खाजा मियाला चावडीच्या खोलीत कोंडलं. सकाळी हिंगोलीहून मिलिटरीची जीप यायची होती. जीपमधून नेलेली काही माणसं परत आली होती, काही आली नव्हती. त्या दिवसांत याहून जास्त कुणी विचारत नसे.

अमरसिंग तांड्याकडं निघाला, तो मान खाली घालून. स्वतःशी खोटं कसं बोलणार? त्या दिवशी सेवा पडला आणि तो पळत सुटला तो थेट पिंजाऱ्याच्या घरात. खाजा मियानं एक शब्द न विचारता त्याला कापसाच्या ढिगात पुरला आणि वर पिंजण वाजवत बसला. शिपाई दारात आले तेव्हा अमरसिंगला शिंकांवर शिंका येत होत्या, आणि म्हातारा तार अशी दणकावत होता की शिंकेचा बापही ऐकू येऊ नये. मग पेटीतून मदीनाबीचा बुरखा निघाला. गावात ती कधी घालत नसे, माहेरी जाताना तेवढा घाली. "वाकून चाल, बेटा," खाजा मिया म्हणाला, आणि भर दुपारी त्याच नाक्यावरून त्याला घेऊन गेला. शिपायांना तंबाखू दिली. बायको पोटुशी आहे, म्हणून सांगितलं. शिपाई चेष्टा करून हसले तेव्हा त्यांच्याबरोबर हसला. नाक्यापलीकडं पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडं स्वतंत्र हिंदुस्थान. नदीला गुडघाभर पाणी होतं. अमरसिंगनं बुरखा वर धरला आणि चालत गेला. जाळीआडून त्यानं सेवाला पाहिलं होतं, पाच हातांवर. पाहून पुढं गेला होता. कॅम्पात विचारलं तेव्हा हे सांगायचं कसं? म्हणून पूर आला.

दिवेलागणीला मदीनाबी तांड्यावर आली. अमरसिंगची याडी, त्याची आई रूपाबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. मदीनाबीनं काखेतलं गाठोडं अमरसिंगपुढं ठेवलं.

"हे तुझ्यापाशी ठेव, बेटा. सकाळी घराची झडती घेणार म्हणतेत. हरिचंद वळखील."

त्यानं गाठ सोडली नाही. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

"चाचानं पाठवलं?"

"व्हय. खिडकीतून बोलले. म्हणले, पोराचं आत्ता कुठं नाव झालं. बाईच्या कपड्यात पळाला म्हणून लोक हसतील. बोलायचं न्हाई." तिचा आवाज एवढा वेळ बरा होता, आता फाटला. "मी चावडीवरच बोलले असते, अमरसिंग. खोटं कशाला सांगू? माझा नवरा जाऊन राहिला! पण ह्या माणसानं मला कसम घातली."

अमरसिंगला वाटलं, तिनं आता शिव्या द्याव्यात. शिव्यांनी बरं वाटलं असतं. मदीनाबीनं पदरानं डोळे पुसले आणि उठली.

"मला घातली," ती म्हणाली. "तुला कुणी कसम घातली न्हाई."

ती गेली. तव्यावर भाकरी करपली, तरी रूपाबाईनं ती उलटली नाही. पोरगा परतल्यापासून साऱ्या तांड्याला पूर सांगत फिरली होती बिचारी. तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या पुढ्यात घेतली, चांगली त्याला वाढली, आणि जेवण होईतो त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

सकाळी चावडीपुढं कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती. जीप पाहायची होती सगळ्यांना. अमरसिंग काखेत गाठोडं घेऊन ओट्यावर चढला.

"ती बुरखेवाली मी होतो," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा पिकला.

"खाजा चाचानं मला लपवलं. नाक्यावरून बाहेर काढलं. चुगली कुणी केली ते मला ठाऊक न्हाई, पण ह्यानं न्हाई केली."

"बघा, बघा!" पाटलांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात मन! एका पिंजाऱ्याच्या जिवासाठी वाघ बाई व्हायला तयार झाला!"

"अन् पूर, भाऊ?" हरिचंदनं विचारलं. "पूर कुठं गेला मग?"

"गुडघाभर पाणी होतं."

याच्यावर तर लोक पोट धरधरून हसले. कुणीतरी अमरसिंगचा जयजयकारसुद्धा केला. अरे देवा, अमरसिंगला वाटलं, काल एक शब्द पुरला असता, आणि आज अख्खं खरं सांगून भागत नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं गाठोडं सोडलं, बुरखा डोक्यावरून घेतला, गाठोड्यातल्याच मदीनाबीच्या चपला पायांत कोंबल्या आणि ओट्यावरून उतरला.

"आरं, उतरव ते," पाटील म्हणाले. "मस्करी पुरे झाली."

तो चालू लागला. चावडीपासून विहिरीकडं, रस्त्याच्या मधोमध, त्या दिवशीसारखा पाठीत वाकून. पोरं मागं लागली. कुणी शिट्टी मारली, कुणी "भाभी, सांभाळून!" म्हणालं. हसणं विहिरीपर्यंत पुरलं. विहिरीला वळसा घालून तो परत फिरला तेव्हा हसणं विरळ झालं होतं, कारण पुढं उभा असलेला हरिचंद हसत नव्हता. तो खाली पाहत होता. चपलेच्या मागं बोटभर बाहेर आलेल्या टाचांकडं.

जीप आली. धूळ खाली बसेपर्यंत सरकारी माणूस उतरला, आणि खोलीचं दार उघडून खाजा मियाला बाहेर आणलं गेलं.

"ये औरत कौन है?" साहेबानं रस्त्यातल्या बुरख्याकडं बोट केलं.

पाटील उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

"औरत न्हाई, साहेब," शेवटी हरिचंद म्हणाला. त्याची नजर अजून टाचांवरच होती. "त्या दिवशी नाक्यावर व्हता, तोच हाय तो."

खाजा मियानं बुरखा पाहिला, आणि त्याचाच चेहरा शरमेनं कसानुसा झाला. धरणारे हात आपोआप सैल पडले होते. तो हळूहळू चालत आला, वाकला आणि अमरसिंगच्या पायाखाली अडकलेला बुरख्याचा काठ सोडवला. त्या दिवशीही नाक्यावर असाच सोडवला होता.

"काढ आता, बेटा," तो म्हणाला. "आत उकडून राहिलं असंल."

अमरसिंग तसाच उभा होता. जाळी वर करायचा त्याला धीर होईना.