एकच इसम असल्याचा दाखला

फुकट मिळत असलेलं सोडून विकतचं मागणारा माणूस दिसला की मी त्याच्याकडे दोनदा बघतो. फुआद जहाकडे त्या आठवड्यात मला चार-पाच वेळा बघावं लागलं.

आमच्या जाहले गावात हल्ली घरोघरी एकच विषय असतो: कुठल्या देशाचं व्हायचं. बँकांनी लोकांचे पैसे अडकवून ठेवल्यापासून तर फारच. पूर्वी मुलीला स्थळं बघताना जसा खल चालायचा, तसा आता देश बघताना चालतो. कुणाची पणजी अचानक इटलीची निघते. कुणाला इस्तंबूलमध्ये फ्लॅट घेतला की पासपोर्ट मिळतो म्हणून कळतं. ज्यांचं कुठेच कुणी नाही, ते कॅनडाच्या नावाने मेणबत्त्या लावतात. आणि हे सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं, कारण मी मोहल्ल्याचा मुख्तार. जन्म, लग्न, मृत्यू, रहिवास, कसलाही दाखला हवा असला तरी आधी माझा शिक्का लागतो. माझ्या वडिलांनंतर हे काम माझ्याकडे आलं. मी शिक्का मारतो, कॉफी पाजतो आणि कोण कुणाला न सांगता आलंय तेवढं लक्षात ठेवतो.

फुआदची मुलगी, रिंदला तिचं नाव, घरच्यांना सांगून आली होती. ती भूल देणारी डॉक्टर. जर्मनीत परवान्याची परीक्षा द्यायची, तर तिथे जायला हवं. आणि आमचा पासपोर्ट बघून वकिलातीने तिला तीन वेळा हात हलवत परत पाठवलेलं. तिसऱ्या वेळी तर खिडकीतल्या बाईने तिला विचारलं होतं, "तुम्ही परत याल हे कशावरून?" रिंदला म्हणाली, "खरं सांगू का अम्मो, त्याचं उत्तर मलाही येत नव्हतं."

आमच्या अरबीत अम्मो म्हणजे काका. मी तिचा सख्खा काका नव्हे, पण फुआद आणि मी एका बाकावर शिकलो आणि एका छडीने मार खाल्ला.

तिने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक साओ पावलोहून चुलत भावाने पाठवलेला जन्माचा उतारा: निकोलाउ, जन्म १९२४. दुसरा आपल्याकडचा: नखले जहा, जन्मस्थळ साओ पावलो, साल तेच. नखले म्हणजे फुआदचा बाप. बाप ब्राझीलमध्ये जन्मलेला, म्हणून आधी फुआदने तिकडचं नागरिक व्हायचं, मग त्याच्यामागून रिंदलाने. ब्राझीलचा पासपोर्ट असला की युरोपात शिरायला व्हिसा लागत नाही. अडचण एवढीच, की दोन कागदांवर दोन नावं.

ही अडचण माझ्या रोजच्या ओळखीची. तिकडे उतरलेल्या बुत्रुसचा पेद्रो झाला, युसुफचा जोजे झाला. मग मुख्तार एक दाखला देतो: हा आणि तो, दोन्ही एकच इसम. खाली दोन साक्षीदार. असे दाखले मी शेकड्याने दिलेत.

"उद्या ने," मी म्हणालो.

ती जिना उतरली असेल-नसेल तोच फुआद आला. धापा टाकत. म्हणजे कोपऱ्यावर उभा राहून तिची जायची वाट बघत होता.

"सही केलीस?"

"उद्या करतो."

"करू नकोस."

"का?"

"शिक्का हरवलाय म्हणून सांग. काहीही सांग. तुला काय, शंभर थापा येतात." आणि त्याने कोटाच्या खिशातून एक चकचकीत पुस्तिका काढली. कॅरिबियन समुद्रातलं कुठलंसं बेट. नारळाची झाडं, निळं पाणी, आणि तिथलं नागरिकत्व घेणारं एक सुखी कुटुंब, सगळ्यांचे दात एकसारखे. "सहा महिन्यांत पासपोर्ट. युरोपात ह्याच्यावरही जाता येतं."

"आणि ह्याला लागणारी रक्कम?"

"द्राक्षमळा विकतो."

मी चष्मा काढला. ज्या मळ्याच्या बांधावरून ह्याने सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला, तो मळा हा विकणार? आणि तेही ब्राझील फुकट दारात उभं असताना?

"फुआद, तिकडे तुझ्या बापाची दुसरी बायको वगैरे होती का?"

"माझा बाप दोन वर्षांचा असताना परत आला, गाढवा."

"मग तुला तिकडे कशाची भीती?"

"मला भीती कशाची असणार?" असं म्हणून तो पुस्तिका विसरून गेला. फुआद काही विसरत नाही. ती मुद्दाम ठेवली होती.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. ओदेतने, म्हणजे फुआदच्या बायकोने, केलेली किब्बे ताटात होती, अरकचे पेले भरलेले होते, आणि टेबलावरचा प्रत्येक माणूस दुसऱ्यावर नजर ठेवून होता.

"मुख्तार, मळ्याला गिऱ्हाईक कोण आहे?" ओदेतने विचारलं. "तुम्हाला माहीत असणार."

"मला नाही माहीत, ओदेत."

"म्हणजे माहीत आहे."

"आई, अम्मोंना सोड," रिंदला म्हणाली. "बाबा, तुम्हीच सांगा. कमिशन मिळतंय का तुम्हाला त्या बेटवाल्याकडून?"

"मुलगी बोलते बघ बापाला!" फुआद मला म्हणाला.

"मग दुसरं काय समजायचं? जे बेट मला नकाशात चष्मा लावून सापडत नाही, त्याची मी नागरिक. विमानतळावर साहेबाने विचारलं, तुमच्या राजधानीचं नाव काय, तर काय सांगू? नारळ?"

मी हसलो. फुआद हसला नाही. "पाठ कर," म्हणाला, "डॉक्टर झालीस, एक नाव पाठ होत नाही?"

भिंतीवर त्याच्या बापाचा फोटो होता. बघता बघता मला एक जुनी गोष्ट टोचली. आमच्याकडे पहिल्या मुलाला आजोबाचं नाव ठेवतात. न ठेवणं म्हणजे आजोबाच्या तोंडावर दार लावणं. फुआदने मुलाचं नाव जाद ठेवलं. बाप जिवंत, बाप्तिस्म्याला पहिल्या रांगेत बसलेला, आणि नातू नखले नव्हे तर जाद. त्या दिवशी गावाने आठवडाभर पुरेल एवढी कुजबुज केली होती. पण म्हातारा रागावला नव्हता. उलट त्याने फुआदच्या खांद्यावर हात ठेवला होता. हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि चाळीस वर्षं त्याचा हिशेब मला लागलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यावर गेलो. फुआद छाटणी करत होता. विकायच्या मळ्याची छाटणी कोण करतं?

"नखले कोण होता?" मी सरळ विचारलं.

त्याने कात्री चालूच ठेवली. दोन वेल झाल्यावर बोलला.

"दोन होते."

ब्राझीलमध्ये जन्मलेला नखले गावी परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेला. मेल्याची नोंद करायला कुणी गेलं नाही. पुढच्या साली दुसरा मुलगा झाला, त्याला तेच नाव दिलं. मग बत्तीस सालची शिरगणती आली. माणसं मोजणाऱ्यांनी पोराचा कागद मागितला, तेव्हा घरात कागद एकच होता, ब्राझीलचा. तोच दाखवला. असं त्या काळी पुष्कळ घरांनी केलं. मेलेल्याचा कागद जिवंताला लावला की चकरा वाचत.

"माझा बाप तीन वर्षांनी लहान होता रे. वर्गात सगळ्यांत बुटका. लोक म्हणायचे, वयाच्या मानाने तरणा दिसतो. घरी येऊन रडायचा. आजी दर हिवाळ्यात उकडलेले गहू वाटायची, मेलेल्याच्या नावाने वाटतात तसे. कुणासाठी, विचारलं तर म्हणायची, बाळासाठी. नाव नाही घ्यायची. नाव दुसऱ्याला देऊन टाकलं होतं ना. जाद व्हायच्या आधी बापाने मला एवढंच सांगितलं, ते नाव आता कुणाला लावू नका, त्याचं त्याला राहू दे."

"आणि मी लिहून देणार की दोघं एकच."

"आणि खाली माझा अंगठा, सही, शपथ. मी त्या पोराला पुन्हा एकदा पुसू?" त्याने कात्री खिशात घातली. "मळा गेला तर गेला."

मी त्याला म्हणालो, हे मुलीला सांग. तो म्हणाला, तू सांग. आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे भांडलो, आणि शेवटी दुपारी माझ्या टेबलासमोर, मी भिंतीकडे बघत असताना, त्याने तिला सांगितलं.

रिंदला डॉक्टर आहे; तिला मेल्या-जिवंताचा फरक कळतो. तिने दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले.

"आजोबा ह्याच कागदावर शिकले," ती म्हणाली. "ह्याच कागदावर लग्न केलं, ह्याच कागदावर तुम्ही जन्मलात. सरकारच्या लेखी माणूस एकच आहे, बाबा."

"सरकारच्या लेखी."

"हं." ती उठली. "मग राहू दे. मळाही नको विकायला, सहीही नको. मी इथेच बरी." मी भरायला काढलेला कोरा दाखला तिने माझ्याच टेबलावर ठेवला. बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि गेली.

इतकं सहज? मला ते पटलं नाही. जी मुलगी तीन वेळा खिडकीशी भांडून आली, ती बापाशी पाच मिनिटं भांडत नाही? जाताना ती त्या कोऱ्या दाखल्यावरून हात फिरवून गेली होती. बापाला ती ओळखत होती, आणि मी दोघांना.

फुआद दुसऱ्या दिवशी शिक्का मारायची वेळ सुरू व्हायच्या आधी आला. दाढी न करता.

"रात्रपाळी करून आली आणि माझ्याशी छान बोलली," तो म्हणाला. "चहा करून दिला. तिने भांडायला हवं होतं ना?"

"हवं होतं."

"मुद्दाम करतेय का?"

"मला काय माहीत? मी नुसता मुख्तार."

"तू हरामखोर आहेस. काढ तो कागद."

मी कागद काढला. नखले आणि निकोलाउ हे दोन्ही एकच इसम असल्याचं मी लिहिलं, सावकाश, कारण तो प्रत्येक अक्षर बघत होता. दुसरा साक्षीदार म्हणून खालच्या केशकर्तनालयातला इल्यास आला, न वाचता सही करून गिऱ्हाइकाकडे पळाला. फुआदची सही राहिली होती. त्याने पेन उचललं आणि मला विचारलं, "ह्याच्यासाठी वेगळा कागद मिळतो का? ब्राझीलवाल्यासाठी. जन्मला आणि गेला, एवढाच?"

मी पंचवीस वर्षं ह्या खुर्चीत बसतोय. मला कुठलाही कागद कसा मिळवायचा ते माहीत आहे.

"नाही मिळत, फुआद. सरकारदरबारी तो सत्तर वर्षं जगलाय."

त्याने मान हलवली आणि सही केली. मी शिक्का मारला. शाई जरा जास्त लागली होती, म्हणून कागद वाळेपर्यंत तो तिथेच बसून राहिला, आणि मीही त्याला जा म्हणालो नाही.