मंत्र्याच्या हातचं केळं

केळं आमच्यासारख्याला विष हाय. हे मला सिस्टरनं पयल्याच दिवशी सांगितलं होतं. किडनी गेली की केळं बंद, नारळपाणी बंद. त्यातलं जे काय असतं ते अंगातून बाहेर पडत न्हाई, अन् साठत गेलं की एखाद्या दिवशी काळीजच थांबतं. पाणीबी मोजून प्यायचं. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरायचा अन् गप पडून राहायचं.

मी सटवाजी, हिंगोलीकडल्या गोरेगावचा. सारी हयात मार्केट यार्डात मापाडी म्हणून गेली. काट्यावरचं वजन बगायचं अन् साऱ्या आडतीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, हे माहं काम. आवाज तिथंच कमावला. आता आठवड्यातून दोनदा मी जीपनं हिंगोलीला जातो. तिथं एका ट्रस्टचा दवाखाना हाय, तिथं डायलिसिस करून घेतो. मशीनवर घ्यायच्या आधी मलाच काट्यावर उभं करतात, अन् माहं वजन सिस्टर ओरडती. वजन वाढलं म्हंजे पाणी जास्त प्यालं. लपवायला जागाच न्हाई.

अन् माहं वजन वाढायचं ते दिल्लीमुळं. हसू नका, खरं सांगून राहिलो. बातम्या लागल्या की माह्या डोक्याची शीर उठायची. काल ज्याला चोर म्हणत होते त्याच्याच गळ्यात आज हार. निवडून एका चिन्हावर यायचं अन् बसायचं दुसऱ्याच्या मांडीवर. आमी काय मेंढरं हावोत का? मी खाटेवरून टीव्हीला शिव्या घालायचो. ओरडून घसा सुकायचा, अन् घसा सुकला की हात तांब्याकडं जायचा. माही बायको गोजरबाई डोक्याला हात लावायची. म्हणायची, "ते तिकडं एसीत बसलेत. तुमी इथं त्यांच्या नावानं पाणी पिऊन मरताल." तिनं एकदा टीव्हीची वायरच काढून ठेवली. मी मोबाइलवर पाहू लागलो.

"काका, काल दिल्लीत लई गरम झालं वाटतं," काट्याचा आकडा ऐकला की नजमा म्हणायची.

नजमा आमच्याच गावची. शकील बांगडीवाल्याची सून, माह्या लेकीपेक्षा ल्हान. पोरगी झाली अन् त्या बाळंतपणातच तिच्या किडन्या गेल्या. आमी एकाच जीपनं जायचो, शेजारशेजारच्या खाटेवर पडायचो. तोंडाची मोठी तिखट. मी म्हणलं सारेच नालायक हायेत, तर म्हणायची, "मंग तुमीच उभे राहा की, काका. चिन्ह काय घेता, तांब्या?" सारा वॉर्ड हसायचा अन् मीबी हसायचो. हाताला सुया लावून चार-चार तास पडून राहायचं म्हंजे जीव नकोसा होतो. तिची बडबड नसती तर मी कवाच जायचं सोडलं असतं.

आता मशीनचं सांगतो. दवाखान्यात एक नवं मशीन येऊन पडलं होतं. कोरं करकरीत, कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून उभं. चालू काहून करीत न्हाईत म्हणलं, तर दिल्लीहून मंजुरी यायची हाय. येऊन राहिली, येऊन राहिली, करता करता उन्हाळा लागला. इकडं पेशंट वाढत गेले. शेवटी डॉक्टरनं सांगितलं की जे सगळ्यात मागून आले त्यांना पुढच्या महिन्यापासून नांदेडला जावं लागल. त्यात नजमा होती. नांदेड म्हंजे गोरेगावहून आधी हिंगोली, तिथून कळमनुरीवरून नांदेडची बस, अन् मशीनवरून उठल्यावर पाय लटलट कापत असताना पुन्हा तेवढंच उलटं. धडधाकट माणूस थकून जाईल. ते मशीन चालू झालं की ती इथंच राहणार होती. मशीनला फक्त दिल्लीची एक सही पायजे होती.

अन् नशीब असं की सहीवालाच येणार म्हणून कळलं. दिल्लीतले मंत्री, खातं तेच, वाढदिवस त्यांचा, अन् वाढदिवसानिमित्त आमच्या दवाखान्यात फळवाटप.

"मी बोलते त्यांच्याशी," नजमा जीपमधी म्हणली. "सरळ सांगते. साहेब, मला ल्हान लेकरू हाय, ते मशीन चालू करा."

मी तिला मधीच थांबवलं. "तू गप बस. तू बाईमाणूस, त्यात नवी. तुहं कोण ऐकल? मी हाय ना. हजार पोत्यांच्या बाजारात आवाज घुमलाय माहा."

"नक्की बोलताल ना, काका?"

"बोलन म्हंजे? असं सुनावतो की त्यानं वाढदिवस इसरून जावं."

"बरं," ती म्हणली. "मंग मी गप बसते."

त्या दिवसापासून मी जीपमधी दर खेपेला भाषण पाठ करून राहिलो. किसनसिंग ड्रायव्हर मुद्दाम गाडी हळू चालवायचा अन् म्हणायचा, "काका, ते प्लास्टिकवालं पुन्हा म्हणा." ते वाक्य असं होतं: साहेब, तुमच्या सहीवाचून ते मशीन प्लास्टिकमधी गुदमरून मेलं, आता आमची पाळी हाय. नजमाला ते लई आवडलं होतं.

मंत्री यायचे म्हणून त्या दिवशी आमाला मशीनवर घेतलंच न्हाई. नळीतलं रगत फोटोत बरं दिसत न्हाई म्हणे. नव्या चादरी टाकल्या, कोपऱ्यातल्या मशीनपुढं पडदा ओढला अन् आमाला खाटेवर नुसतं बसवून ठेवलं. सकाळची दुपार झाली. अंगात पाणी चढलेलं, पाय सुजून भोपळे झालेले, धाप लागून राहिली. मी मनात म्हणलं, लागू दे, तेवढाच राग टिकल.

मंग एकदम पन्नासेक माणसं आत घुसली. फुलं, कॅमेरे, केळ्यांच्या टोपल्या. मंत्री सरळ माह्याकडं आले. मी सगळ्यात म्हातारा अन् सगळ्यात जुना. मी घसा साफ केला, नजमाकडं पाह्यलं. तिनं मान हलवली.

अन् तो माणूस खाली वाकला. त्यानं दोन्ही हात माह्या पायाला लावले.

तुमाला काय सांगू. माहे पाय चांगले न्हाईत. सुजतात, कातडी काळी पडलीय, चिघळतात. गोजरबाई सोडून त्यांना कोणी शिवत न्हाई, अन् मीबी कोणाला शिवू देत न्हाई. अन् इथं दिल्लीचा मंत्री. आपल्याकडं कोणी पाया पडलं की हात आपोआप वर जातो. माहाबी गेला. तोंडातून निघालं, "औक्षवंत व्हा." लहानपणापासून तेच शिकलो. अन् एकदा तोंडातून आशीर्वाद गेला की त्याच तोंडानं त्याच माणसाला कसं सुनावायचं, ते मला कोणी शिकवलं न्हाई.

त्यानं केळं सोललं अन् माह्या तोंडापुढं धरलं. मी सिस्टरकडं पाह्यलं. ट्रस्टची माणसं तिच्याकडंच बगून राहिली होती, तिनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं.

"साहेब, पुन्हा एकदा," फोटोवाला म्हणला. "बाबांचे डोळे मिटले."

दुसरं केळं सोललं. मी डोळे उघडे ठेवून दुसराबी घास घेतला. वरून हसलोसुद्धा, कारण फोटोवाला म्हणला जरा हसा.

"बाबा, इथं सगळं नीट मिळतं ना?" मंत्री विचारून राहिले. हात अजून माह्या खांद्यावरच होता. "काही तकलीफ?"

हीच ती वेळ होती. याच्यासाठीच इतके दिवस घोकून राहिलो होतो. मी घास गिळला अन् म्हणलं, "न्हाई, साहेब. सगळं बराबर हाय. तुमची किरपा."

किरपा. जन्मात मी हा शब्द कोणा पुढाऱ्याला वापरला न्हाई.

ते पुढं सरकले अन् शेजारून नजमाचा आवाज आला, "साहेब, ते मशीन बंद हाय, पडद्यामागं, त्याला—"

मंत्र्यांसोबतच्या माणसानं तिच्या हातात केळं दिलं अन् हसत म्हणला, "ताई, बाबा इथले सगळ्यात जुने पेशंट. तेच म्हणले ना, सगळं बराबर हाय."

तिनं माह्याकडं पाह्यलं. साऱ्या वॉर्डानं पाह्यलं. मला अजूनबी बोलता आलं असतं. पडदा तर हाताच्या अंतरावर होता, नुसता ओढायचा होता. मी मांडीवरच्या सालीकडं बगत बसलो. तोवर ते दाराबाहेर गेले.

परतीच्या जीपमधी किसनसिंगानं गाणीबी लावली न्हाईत. मला ते सहन होईना. अन् लाज वाटली की माणूस काय करतो, तर चिडतो. मी चिडलो, तेबी तिच्यावर.

"तुलाबी तोंड हाय की," मी म्हणलं. "रेटून बोलायचं होतं. काहून गप बसलीस?"

ती खिडकीबाहेर बगून राहिली होती. म्हणली, "तुमीच म्हणले होते, गप बस."

त्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली होती.

घरी आलो तर गोजरबाई दारातच. फोटो माह्या आधी गावात पोचला होता. "मंत्र्यानं तुमच्या पायाला हात लावला म्हणं," ती म्हणली अन् तिचे डोळे भरून आले. शिरडशहापूरहून तिच्या भावाचा फोन येऊन गेला होता. रात्री पाय एकदम जड पडले, उठता येईना. ती चोळत बसली अन् चोळता चोळता पुन्हा पुन्हा तेच सांगून राहिली. मी तिला केळ्याचं सांगितलं न्हाई. मशीनचं तर मुळीच न्हाई.

त्या दिवसापासून मी बातम्या पाहणं सोडलं. एकदाच मोबाइलवर लावल्या तर कोणी सभेत बोलून राहिला होता, अन् मी शिवी द्यायला तोंड उघडलं तर शिवीच येईना. कोणत्या तोंडानं द्यायची? तो खोटं बोलत असल, पण हजारो लोकांपुढं बोलून राहिला. मी तर हाताच्या अंतरावर खोटं बोललो. ओरडणं गेलं, तशी तहानबी गेली. पुढच्या महिन्यात काट्यावर उभा राह्यलो तर सिस्टर खुश. "काका, आज वजन एकदम बराबर," ती ओरडली. शेजारच्या खाटेवर वसमतचा कोणी नवा माणूस होता. नजमाचं नांदेड सुरू झालं होतं.

नंतर हिंगोलीत बसस्टँडच्या अलीकडं मोठं बॅनर लागलं. वर वाढदिवसानिमित्त फळवाटप असं लिव्हलेलं, खाली बारकी-बारकी पुढाऱ्यांची मुंडकी, अन् मधोमध मंत्री अन् मी. माहं तोंड उघडं, तोंडात केळं, डोळे टकटकीत. जीप तिथंच थांबती. मी टोपी डोळ्यावर ओढून खाली मान घालून उतरायचो.

परवा उतरलो तर ऊन नुसतं जाळून राहिलं होतं. बॅनरखाली थोडीशी सावली पडली होती अन् त्या सावलीत नजमा बसली होती, लेकराला मांडीवर घेऊन, नांदेडच्या बसची वाट बगत. पहाटेच्या जीपनं आली असल. लई वाळली होती. तोंडावर सूज, हाताला पट्टी. मी मागच्या मागं वळून जाणार होतो, पण तिनं पाह्यलं.

वाटलं, आता बोलल. वर बोट दाखवून म्हणल, काका, चिन्ह मिळालं बगा तुमाला, केळं. खरंच सांगतो, मी त्याचीच वाट बगून राहिलो होतो. तिनं चारचौघात माही इज्जत काढली असती तर मी त्या रस्त्यावर तिच्यापुढं रडून मोकळा झालो असतो.

तिनं पिशवी उचलली अन् लेकराला घेऊन बाजूला सरकली.

"बसा, काका," ती म्हणली. "इथं सावली हाय. काही तकलीफ न्हाई ना?"

असं आपण कोणाबी म्हाताऱ्याला विचारतो. नांदेडची बस आली. ती लेकराला कडेवर घेऊन, दांडीला धरून चढली अन् गर्दीत दिसेनाशी झाली. मी तिनं करून दिलेल्या जागेवर बसून राहिलो.